पिवळ्या मोज्यांची शाळा

इंग्लंडमधल्या एका शाळेत मुलं आजही ट्यूडर काळातला कोट घालून, बँडच्या तालावर जेवायला जातात. आधी हसू येतं. मग कळतं, की हा ड्रेस श्रीमंतांचा नव्हताच. आणि या शाळेचा एक धागा थेट मुंबई-देवळालीपर्यंत येतो!

परीक्षा आठवड्यावर आलेली असताना माणूस मोबाइलवर काय काय बघत बसेल याला काही धरबंध नसतो. मागच्या सेमिस्टरला रात्री दीड वाजता माझ्यासमोर एक व्हिडिओ आला. लाल विटांच्या इमारतींनी वेढलेलं मोठं चौकोनी आवार. ड्रम आणि ट्रम्पेटचा दणदणीत बँड. आणि त्यामागून शिस्तीत चालणारी शेकडो मुलंमुली. अंगात घोट्यापर्यंत येणारा गडद निळा कोट, कमरेला चामड्याचा पट्टा, गळ्याशी वकिलांसारख्या पांढऱ्या पट्ट्या आणि पायात हळदीसारखे पिवळेधमक मोजे. रूममेट डोकावून म्हणाली, ‘‘शूटिंग आहे गं, हॅरी पॉटर टाइप.’’

शूटिंग नव्हतं. पोरं दुपारच्या जेवणाला चालली होती. हवा बरी असली की ती अशीच जातात.

शाळेचं नाव क्राइस्ट्स हॉस्पिटल. लंडनच्या दक्षिणेला, वेस्ट ससेक्समध्ये हॉर्शम गावाजवळ ही निवासी शाळा आहे. शाळेच्या नावाचं स्वतंत्र रेल्वे स्टेशनसुद्धा आहे. म्हणजे तिकडे ‘क्राइस्ट्स हॉस्पिटलला उतरायचंय’ म्हटलं की कुणी ‘काय झालं? कोण आजारी?’ असं विचारत नाही. ‘हॉस्पिटल’ हा शब्द इथे जुन्या अर्थाने येतो. ज्यांना कुणी नाही त्यांना आसरा देणारी जागा, असा तो अर्थ.

खरं सांगायचं तर तो व्हिडिओ बघून माझ्या मनात आलं, की बड्या बापाच्या पोरांचं हे वर्षभर चालणारं फॅन्सी ड्रेस असणार. इंग्लंडमधल्या जुन्या खासगी शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हेच येतं. टोप्या, टेलकोट, पंतप्रधानांची मुलं. त्यात या शाळांना तिकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात आणि पब्लिकला तिथे प्रवेश मिळत नाही, हा विनोद तर जुनाच. पण मग मी वाचत गेले. पेपरचा अभ्यास राहिला तो राहिलाच, पण माझा अंदाज मात्र साफ चुकला.

एक प्रवचन आणि रिकामा मठ

सोळाव्या शतकातलं लंडन. आठव्या हेन्रीने पोपशी भांडून चर्च ऑफ इंग्लंड वेगळं काढलं आणि कॅथलिक मठ बंद पाडले. (ॲंग्लिकन म्हणजे या चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं. पुढे हा शब्द बऱ्याचदा येणार आहे.) मठ गेले तसा त्यांच्या आधाराने जगणाऱ्या गोरगरिबांचा आसराही गेला. रस्त्यांवर अनाथ पोरं, भिकारी, आजारी माणसं. हेन्रीनंतर त्याचा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला, तेव्हा तो जेमतेम नऊ वर्षांचा होता.

1552 साली लंडनचे बिशप निकोलस रिडली यांनी या राजासमोर प्रवचन दिलं. विषय होता शहरातल्या गरिबांबद्दल श्रीमंतांचं कर्तव्य. एडवर्ड त्या वेळी चौदा वर्षांचा, म्हणजे आपल्याकडच्या नववीतला मुलगा. प्रवचन त्याच्या मनाला लागलं. त्याने बिशपला बोलावून घेतलं, लंडनच्या महापौरांना पत्र दिलं, महापौरांनी शहरातल्या व्यापाऱ्यांकडून वर्गणी गोळा केली. न्यूगेट भागात फ्रान्सिस्कन साधूंचा एक मठ रिकामा पडला होता. त्याची डागडुजी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे 380 मुलं दाखल झाली. वर्षभरात आकडा पाचशेच्या वर गेला. मुलगे होते तशा मुलीही होत्या, आणि अगदी तान्ही बाळंसुद्धा होती. त्यांना गावोगावच्या दायांकडे वाढवायला दिलं जायचं.

1553 च्या जून महिन्यात एडवर्डने संस्थेच्या सनदेवर सही केली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, 6 जुलैला तो क्षयासारख्या आजाराने गेला. वय 15. आणि रिडली? एडवर्डनंतर त्याची कॅथलिक बहीण मेरी राणी झाली. तिच्या राज्यात 1555 साली ऑक्सफर्डमध्ये रिडलींना जिवंत जाळलं गेलं. ज्याने कल्पना मांडली आणि ज्याने सही केली, ते दोघंही तीन वर्षांच्या आत गेले. शाळा मात्र राहिली. 1666 च्या लंडनच्या भीषण आगीत तिच्या इमारतींची राख झाली, तरी ती पुन्हा उभी राहिली. 1902 मध्ये तिने लंडनची कोंदट जागा सोडली आणि हॉर्शमच्या मोकळ्या रानात मुक्काम हलवला.

तो कोट कुणाचा?

आता कपड्यांकडे येऊ. जॉन स्टो नावाच्या जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की पहिल्या नाताळात मुलांना तपकिरी कपडे दिले होते आणि 1553 च्या ईस्टरला ती निळ्यात दिसली. तेव्हापासून निळा तो निळाच. हा राजेशाही निळा असावा असं वाटेल, पण तसं नाही. त्या काळात निळा हा नोकरचाकरांचा आणि उमेदवारी करणाऱ्या पोरांचा रंग. रंगवायला स्वस्त. म्हणजे निळा कोट घातलेलं पोर रस्त्यात दिसलं की लोकांना लगेच कळायचं, हे धर्मादाय शाळेतलं. पुढे इंग्लंडभर अशा शाळा निघाल्या आणि त्यांना नावच पडलं ‘ब्लूकोट स्कूल’. पिवळ्या मोज्यांबद्दल एक दंतकथा आहे. पिवळ्या रंगाला म्हणे उंदीर आणि किडे जवळ येत नाहीत. उंदरांना कुणी विचारलं माहीत नाही, पण गोष्ट शाळेत अजून सांगितली जाते.

इथे मला माझ्या कॉलेजची आठवण झाली. (कुठलं ते सांगत नाही.) पहिल्या वर्षी फ्रीशिपची यादी नोटीस बोर्डवर लागायची. नाव, वर्ग, शेजारी पालकांचं वार्षिक उत्पन्न. यादीत मी होते. मैत्रिणी बोर्डजवळ उभ्या असल्या की मी मुद्दाम कँटीनच्या बाजूने वळसा घालून वर्गात जायचे. कुणी कधी काही बोललं नाही. पण तो वळसा तीन वर्षं चालला.

म्हणून मला प्रश्न पडला, की गरिबीचा शिक्का असलेला हा कोट मुलांनी केव्हाच भिरकावून कसा दिला नाही? संधी तर मिळाली होती. 2011 च्या सुमारास शाळेनेच मुलांना विचारलं, युनिफॉर्म बदलायचा का? आठशेच्या वर मुलांनी मतं दिली. आपल्याकडे असं मतदान झालं तर निकाल काय लागेल हे सांगायची गरज नाही. तिथे सुमारे 95 टक्के मुलांनी सांगितलं, नको, हाच राहू दे.

याचं कारण मला तरी एकच दिसतं. कोट सगळ्यांना सारखा आहे आणि तो शाळा देते. फुकट. ज्याची पूर्ण फी घरचे भरतात त्यालाही तोच आणि ज्याच्या घरून काहीच येत नाही त्यालाही तोच. या शाळेत फी ठरते ती घरच्या उत्पन्नावरून. कुणी पूर्ण देतं, कुणी थोडी, कुणी काहीच नाही. शाळेत साधारण नऊशे मुलं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना कमी-जास्त मदत मिळते. पण रांगेत चालताना कोण कुठला हे ओळखायचा काही मार्ग नाही. नोटीस बोर्ड नाही, वळसा नाही. गंमत म्हणजे, इंग्लंडमधली सर्वांत विचित्र दिसणारी मुलं आपापसात मात्र अगदी सारखी दिसतात.

फरक असलाच तर तो वयाचा. लहान मुलांचा कमरपट्टा अरुंद. सीनियर झालं की रुंद पट्टा मिळतो, चांदीच्या बकलवाला. त्याला म्हणतात ‘ब्रॉडी’. मुलींची शाळा कित्येक वर्षं हर्टफर्डला वेगळी होती. 1985 मध्ये ती हॉर्शमच्या शाळेत मिसळली आणि निळा कोट मुलींच्याही अंगावर आला, स्कर्टसोबत. पिवळे मोजे कुणालाच चुकलेले नाहीत.

चहाला म्हणतात ‘किफ’

चारशे-साडेचारशे वर्षं एकत्र राहिलं की माणसांची भाषाच वेगळी होते. ही पोरं आपल्या शाळेला ‘हाउसी’ म्हणतात. चहाला ‘किफ’. पावाला पूर्वी ‘क्रग’ म्हणत. माजी विद्यार्थी म्हणजे ‘ओल्ड ब्लू’. वर्गांची नावं तर कहर आहेत. नववीची मुलं ‘लिटल इरॅस्मस’, अकरावीची ‘ग्रेट इरॅस्मस’, बारावीची ‘डेप्युटी ग्रीशन’ आणि शेवटच्या वर्षाची ‘ग्रीशन’, म्हणजे ग्रीक पंडित. आज शेवटच्या वर्षाला पोचलेलं कुणीही ग्रीशन होतं. पूर्वी तसं नव्हतं. सगळ्यांत हुशार अशा मोजक्या मुलांनाच ग्रीशन करायचे आणि त्यांनाच पुढे केंब्रिज-ऑक्सफर्डला पाठवायचे. बाकीच्यांनी चौदा-पंधराव्या वर्षी बाहेर पडून कुठेतरी कामाला लागायचं.

या नियमाचा फटका बसलेला एक मुलगा इंग्रजी साहित्यवाल्यांना चांगला माहीत आहे. चार्ल्स लॅम. टीवाय-बीएच्या निबंधांच्या पेपरमध्ये हमखास भेटणारे तेच ते. लॅमचे वडील एका वकिलाकडे नोकरीला होते. त्यांच्या ओळखीतून 1782 मध्ये चार्ल्सला शाळेत प्रवेश मिळाला. हुशार होता, पण बोलताना अडखळायचा. ग्रीशन झालेल्याने पुढे धर्मगुरू व्हावं अशी अपेक्षा असायची आणि तोतऱ्याने प्रवचन द्यायचं कसं? झालं, विद्यापीठाचं दार बंद. लॅम कारकून झाला. कुठे? लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये, म्हणजे आपल्याच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुख्य कचेरीत. 33 वर्षं तो इथून जाणाऱ्या मालाचे हिशेब लिहीत राहिला आणि उरलेल्या वेळात निबंध.

शाळेवर त्याने दोनदा लिहिलं. 1813 मध्ये लिहिलं ते कौतुकाने भरलेलं. सात वर्षांनी, 1820 मध्ये, पुन्हा लिहिलं आणि या वेळी आपल्याच जुन्या लेखाची खोड काढली. हा दुसरा निबंध त्याने आपल्या मित्राच्या, सॅम्युअल टेलर कोलरिजच्या भूमिकेत शिरून लिहिलाय. पुढे महाकवी झालेला कोलरिज तेव्हा डेव्हनमधल्या एका खेड्यातून आलेला, वडील वारलेले, लंडनमध्ये कुणी नाही, सुट्टीत घरी जाता यायचं नाही असा एकटा पोरगा होता. या निबंधात हा मुलगा कुरकुरतो, की लॅमचं काय, त्याचं घर जवळ! त्याला घरून चहा येतो, गरम पाव येतात. आणि आम्ही? शिळा पाव आणि पाणचट पेय. मारकुटे हेडमास्तर जेम्स बोयर, पळून जाणाऱ्या पोरांना दिल्या जाणाऱ्या भयानक शिक्षा, सगळं त्यात आहे.

त्यात एक छोटासा तुकडा आहे, तो वाचून मी फोन खाली ठेवला. लॅमची म्हातारी आत्या त्याच्यासाठी घरचं जेवण घेऊन यायची आणि शाळेच्या आवारातल्या एका दगडावर बसून ते उघडायची. पोराला तिची माया कळायची. पण सगळ्यांसमोर तो डबा उघडला जाताना लाजही वाटायची. आपल्यालाच मिळतंय आणि बाकीचे बघतायत याचंही वाईट वाटायचं. आणि शेवटी भूक जिंकायची. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधला हा मुलगा. हॉस्टेलवर राहिलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

जुन्या शाळांबद्दल लिहिताना सगळं गोड गोड लिहायचा मोह होतो. बोयरच्या छडीचा काळ मागे पडला म्हणून निवासी शाळा आपोआप सुरक्षित झाल्या असंही नाही. याच शाळेच्या काही माजी शिक्षकांना मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल 2018 मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं. गुन्हे कित्येक वर्षं आधीचे होते. घरापासून लांब, बंद आवारात, मोठ्यांच्या मर्जीवर राहणाऱ्या मुलांचं काय होऊ शकतं हे बँडच्या व्हिडिओत दिसत नाही.

मिडलटन, मेन आणि मुंबई

आता तो देवळालीचा धागा.

शाळेत मुलांची राहायची जी हाउसेस आहेत, त्यांना माजी विद्यार्थ्यांची नावं आहेत. लॅम, कोलरिज, ली हंट, बार्न्स, थॉर्नटन, पील, मेन, मिडलटन. यातले बार्न्स म्हणजे टॉमस बार्न्स, ‘द टाइम्स’चे 1817 ते 1841 पर्यंतचे संपादक. पत्रकारितेच्या विद्यार्थिनीने त्यांना इथे मनातल्या मनात नमस्कार केला आहे. मेन म्हणजे सर हेन्री मेन. एलएलबी करणाऱ्यांनो, ज्युरिसप्रुडन्सच्या पेपरला ‘स्टेटस टू कॉन्ट्रॅक्ट’ पाठ करायला लावणारे तेच हे मेन! 1862 पासून काही वर्षं ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री होते, भारतासाठी कायदे करत होते. निळा कोट, पिवळे मोजे घालून फिरलेला एक मुलगा.

आणि मिडलटन. टॉमस फॅन्शॉ मिडलटन हे कोलरिजच्या वरच्या वर्गात होते. छोटा कोलरिज एकदा अभ्यास म्हणून नव्हे तर आवडतंय म्हणून व्हर्जिल वाचत बसला होता. हे मिडलटनने पाहिलं आणि जाऊन हेडमास्तरांना सांगितलं. त्यानंतर त्या एकट्या पोराकडे बोयरचं लक्ष गेलं, असा तो किस्सा आहे. सीनियरने ज्युनियरसाठी केलेली एवढीशी गोष्ट. याच मिडलटनची 1814 मध्ये कलकत्त्याचे पहिले ॲंग्लिकन बिशप म्हणून नेमणूक झाली. कंपनीच्या ताब्यातला सगळा हिंदुस्थान त्यांच्या अखत्यारीत होता. त्यांच्या हाताखाली कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला एकेक आर्चडीकन होता. मुंबईचे पहिले आर्चडीकन होते जॉर्ज बार्न्स. (संपादक बार्न्स वेगळे. नावांचा गोंधळ माझा नाही, इंग्रजांचा.)

या जॉर्ज बार्न्स यांनी 1815 मध्ये मुंबईत बॉम्बे एज्युकेशन सोसायटी सुरू केली. कुणासाठी? तर मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या सैनिकांच्या आणि गरीब युरोपियनांच्या अनाथ, निराधार मुलांसाठी. तीही एक धर्मादाय ॲंग्लिकन शाळाच. भायखळ्याला तिचा पसारा वाढला. पुढे 1925 मध्ये ही शाळा नाशिकजवळ देवळालीला गेली आणि तिला संस्थापकाचं नाव मिळालं. तीच देवळालीची बार्न्स स्कूल. नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

पण आपल्यासाठी जास्त मोलाची गोष्ट मधेच घडली. 1820 मध्ये या सोसायटीने इथल्या मुलांच्या शाळा आणि पाठ्यपुस्तकं यासाठी एक वेगळी समिती नेमली. 1822 मध्ये ती समिती स्वतंत्र झाली आणि 1827 मध्ये तिचं नाव झालं बॉम्बे नेटिव एज्युकेशन सोसायटी. मराठीतली सुरुवातीची छापील शालेय पुस्तकं याच संस्थेच्या आश्रयाने तयार झाली. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर याच संस्थेचे नेटिव सेक्रेटरी होते. गोऱ्या सैनिकांच्या अनाथ पोरांसाठी निघालेल्या संस्थेच्या पोटातून मराठी क्रमिक पुस्तकं निघाली! यात नुसता परोपकार नव्हता हे उघड आहे. कंपनीला कारकून हवे होते आणि पाद्र्यांना आपला धर्म पसरवायचा होता. पण पुस्तकं आली ती आलीच. आणि ती वाचून शिकलेल्यांनी पुढे काय काय केलं हे कंपनीच्या हातात राहिलं नाही.

जाताना काय देतात

आज शाळेत सगळ्या धर्मांची मुलं आहेत, पण चॅपल अजूनही शाळेच्या मधोमध आहे. आत बाकं समोरासमोर, म्हणजे प्रार्थनेला बसलं की मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. भिंतींवर फ्रँक ब्रँग्विन या चित्रकाराची सोळा भव्य चित्रं आहेत. जेवणाच्या हॉलमध्ये त्याहून मोठं प्रकरण आहे. व्हेरिओने काढलेलं 80 फुटांहून लांब चित्र. दुसऱ्या चार्ल्स राजाने 1673 मध्ये शाळेत गणिताचा खास विभाग काढला होता, जहाजांना दिशा दाखवणारी मुलं तयार व्हावीत म्हणून. डायरीवाले सॅम्युअल पेपिस त्यामागे होते. चित्रात त्या विभागाची मुलं राजासमोर आपले नकाशे धरून बसली आहेत. आजची मुलं त्याच चित्राखाली बसून बटाटे खातात. दर सप्टेंबरला सेंट मॅथ्यूच्या सणाच्या सुमारास मुलं बँडसह लंडनमध्ये जातात, लॉर्ड मेयरच्या भेटीला. वर्गणी काढणाऱ्या महापौरांची आठवण अशी जपलेली आहे.

पण मला विचाराल तर या शाळेची खरी परंपरा ना बँड, ना मोजे. ती चॅपलमध्ये, शेवटच्या दिवशी दिसते. शाळा सोडणाऱ्या प्रत्येकाला बायबल देतात आणि सगळ्यांना मिळून एक आज्ञा वाचून दाखवतात. तिला ‘चार्ज’ म्हणतात. तिचा आशय असा, की इथे तुला जे मिळालं ते विसरू नकोस आणि पुढे तुझी जेवढी ऐपत असेल तेवढं कर, म्हणजे तुझ्यासारखंच दुसऱ्या कुणालातरी ते मिळेल.

हे नुसतं बोलायचं नाही. शाळा चालतेच त्यावर. शेकडो वर्षांच्या देणग्या, मृत्युपत्रातून आलेल्या जमिनी आणि माजी विद्यार्थ्यांचे पैसे. इथे ‘प्रेझेंटेशन’ नावाची जुनी पद्धतही आहे. ठरावीक देणगी दिली की एखाद्या गरजू मुलाचं नाव सुचवायचा मान मिळतो. आपल्याकडे आजोबा-पणजोबांकडून वारावर जेवून शिकल्याच्या गोष्टी ऐकतो, त्याची इथे आठवण होते. फक्त इथे वार लावणारं घर शाळेतच आहे आणि जेवणाऱ्याला कुणाच्या ओसरीवर ताटकळत बसावं लागत नाही.

यात अडचण आहे ती पैशाची. जुन्या ठेवी आणि जमिनी पूर्वीइतक्या पुरत नाहीत, म्हणून अलीकडे पूर्ण फी भरणारी मुलं जास्त घ्यावी लागतात. त्यात जानेवारी 2025 पासून ब्रिटनमध्ये खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट लागला. तिथला युक्तिवाद आपल्यालाही पटेल असा आहे. श्रीमंतांच्या शाळांना करसवलत का? तो पैसा सरकारी शाळांना द्या. मला स्वतःला हे म्हणणं बरोबर वाटतं. पण कायद्याला ‘खासगी’ हा एकच कप्पा दिसतो. त्यात टेलकोटवाल्या शाळाही आल्या आणि ही अनाथांसाठी निघालेली निळ्या कोटाचीही.

रूममेटला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, ‘‘म्हणजे ज्याचे आईवडील पूर्ण फी भरतात, त्यालाही ते चार्ज का काय ते वाचून दाखवतात?’’

हो, त्यालाही. तोच मजकूर, सगळ्यांना एकत्र.

‘‘मग त्याला काय वाटत असेल?’’ ती म्हणाली आणि लाइट बंद केला. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. माझाही होता.